उसाच्या ट्रॉलीला ब्रेक : जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

८ जून २०२५

आजपासून सगळं वहीत लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागं रोटावेटर उघडला तेव्हा कुठल्या नंबरचं बेअरिंग घातलं तेच पुढच्या वर्षी कुणाला आठवेना आणि परत दोन फेऱ्या कोल्हापूरला झाल्या. काम एवढंच की आमच्या चारचाकी ट्रॉलीला ब्रेक बसवायचा. ट्रॉली २००९ ची, गावातच वेल्डिंग करून बांधलेली, पुढं टर्नटेबल, म्हणजे पुढची चाकं वळवणारी फिरती चकती, मागं सरळ एक्सल, दोन्हीकडं पाटे, आणि ब्रेक म्हणून काहीच नाही. आमच्या पन्हाळ्याच्या पट्ट्यात बघाल तर अशा ट्रॉल्या किती आहेत मोजत बसायला नको, हंगामात कारखान्याच्या यार्डात उभं राहिलं की दिसतात.

हे डोक्यात बसलं ते जानेवारीत. संध्याकाळचे आठ, आमचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, ट्रॅक्टरवर होता, मागं ८ टन ऊस, खिंडीच्या उतारावर दव पडलेलं आणि आधीच्या गाड्यांचं पाचट रस्त्यावर सांडलेलं. दादानं दोन्ही पेडल एकदम दाबली तर ट्रॅक्टरची मागची चाकं जाग्यावर थांबली, पण गाडी थांबली नाही, ट्रॉलीनं मागून ढकलत ढकलत ट्रॅक्टरला आडवा केला आणि दोन्ही जाऊन चिंचेच्या झाडाला अडकली. दादाचं मनगट मोडलं, बाकी वाचला. पाच मिनिटं आधी त्याच वळणावरून शिकवणीची दोन पोरं सायकलवरून गेली होती, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

गावात सगळे म्हणाले ब्रेक फेल झाला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः चाकं उचलून बघितली, ब्रेक एकदम चांगला होता. ब्रेक लागला होता, म्हणूनच चाकं जाम होऊन घसरली. ट्रॅक्टरचा ब्रेक कितीबी चांगला असला तरी मागच्या दहा टनाला तो धरू शकत नाही, हे मला पटलं ते त्या दिवशी.

११ जून

पाऊस उघडला म्हणून उतार मोजला. गवंडी लोक वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप घेतली, दहा मीटरची दोरी, आणि पुतण्या खालच्या टोकाला. सगळ्यात वाईट तुकड्यात दहा मीटरला ७० सेंटिमीटर उतार निघाला, म्हणजे ७ टक्के. डोळ्याला तो एवढा वाटत नाही.

आता हिशोब. ट्रॅक्टर ५० एचपीचा, वजन साधारण २.३ टन, त्यातलं मागच्या दोन चाकांवर दीड टन. ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच असतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या दोन तृतीयांश धरली तर जास्तीत जास्त एक टनाचा जोर मिळतो, त्याच्या पुढं चाक घसरणार. ट्रॉली रिकामी २.२ टन, ऊस ८ टन, ट्रॅक्टर धरून सगळे मिळून साडेबारा टन. ७ टक्के उतारावर हे वजन स्वतःच ८७५ किलोच्या जोरानं खाली ओढतं. म्हणजे एक टनातले ८७५ किलो नुसतं वाढू न देण्यात गेले, थांबवायला उरले सव्वाशे किलो. ताशी २० च्या वेगात असाल तर थांबायला दीडशे मीटर लागतील. आणि रस्ता ओला असला, पकड एक टनाची सहाशे किलो झाली, तर थांबायचा प्रश्नच येत नाही, वेग वाढतच जाणार. दादाची त्यात काही चूक नव्हती हे आकड्यातच दिसतं, तो उगाच पाच महिने स्वतःला दोष देत बसलाय.

आबा म्हणाले, “उतारावर बारीक गिअरात घालायचं की, इंजिन धरतंय.” धरतं, खरं आहे, आणि न्यूट्रल मारून डिझेल वाचवणाऱ्यांपेक्षा ते हजारपट बरं. पण इंजिनचा जोरसुद्धा त्याच दोन मागच्या टायरांतून रस्त्याला लागतो. टायरलाच पकड नसली तर गिअर बारीक असून उपयोग नाही, पकड तेवढीच.

अजून एक गोष्ट यात सापडली. दोनचाकी ट्रॉली आपलं थोडं वजन दांडीतून ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर टाकते, त्यामुळं ट्रॅक्टरच्या चाकाला पकड वाढते. चारचाकी तसं काही करत नाही, ती आपल्या पायावर उभी असते आणि नुसती ढकलते.

१५ जून

आधीचं माप हातात असावं म्हणून ट्रॉलीत ८ टन मुरूम भरून काट्यावर वजन करून आणला आणि फाट्याच्या सपाट रस्त्यावर सकाळी सहाला टेस्ट घेतली. मोबाइलवर वेग, चुन्याची रेघ, रेघेवर पेडल. ताशी २० ला तीन वेळा केलं, सरासरी २१ मीटर. सपाट, कोरडा, सरळ रस्ता आणि सगळं ठरवून. आबांना टेप धरायला लावला होता, एकवीस आकडा वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

१९ जून

पहिला पर्याय ढकलब्रेकचा, ज्याला ओव्हररन म्हणतात. युरोपात कॅरॅव्हानला, घोड्यांच्या ट्रेलरला हाच असतो, तिकडं ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतोच आणि साडेतीन टनापर्यंत हा चालतो. यात वायर नाही, हवा नाही, तेल नाही. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं रेटतो, दांडीचा पुढचा तुकडा नळीत आत सरकतो, आतला लिव्हर मागचा रॉड ओढतो आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रममधले शू, म्हणजे ब्रेकचे गुटके, उघडून ड्रमला आतून घासतात. जेवढा जास्त ढकलेल तेवढा जास्त ब्रेक. वजनच स्वतःचा ब्रेक लावतं, ही कल्पना मला फार आवडली, मी दोन दिवस तिच्याच मागं होतो.

पण आमच्यासाठी ती बसत नाही. एक तर आधी ट्रॅक्टरनं ट्रॉलीचा रेटा अंगावर घ्यायचा मग ब्रेक लागणार, आणि आमचं मूळ दुखणंच हे की ओल्या उतारावर ट्रॅक्टरला तो रेटा सोसत नाही. दुसरं, लांब उतारावर ट्रॉली सतत रेटत राहते म्हणजे ब्रेक सतत घासत राहतो, ड्रम तापतो. तिसरं रिव्हर्स. मागं घेताना दांडी दाबली जाते आणि ब्रेक लागतो, त्यासाठी तिकडच्या ड्रममध्ये उलटं फिरलं की शू आपोआप सैल होईल अशी रचना असते, जुन्या ट्रेलरला खाली उतरून खिटी घालावी लागते. शेताच्या बांधावर, चिखलात, रात्री, दर वेळी खाली उतरून खिटी कोण घालणार? आणि घातलेली काढायची राहिली तर ब्रेक नाहीच. दहा टनाच्या चारचाकीला हे नको.

एक गोष्ट मात्र त्यातून उचलली. त्या ट्रेलरला एक बारीक वायररोप असतो, तो ओढणाऱ्या गाडीला अडकवतात, ट्रेलर सुटला की तो रोप हँडब्रेक ओढतो आणि मग तुटतो. सुटलेली ट्रॉली आपली आपण थांबली पाहिजे, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२२ जून

आतेभाऊ डॅलसला असतो, त्याच्याकडं पिकअप आणि मागं कॅम्पर आहे. रविवारी फोन लावला, तर त्याच्याकडं इलेक्ट्रिक ब्रेक. ड्रमच्या आत एक चुंबक असतो, करंट दिला की तो फिरत्या ड्रमच्या सपाट तोंडाला चिकटायला बघतो, ड्रम त्याला सोबत ओढतो, त्या ओढीनं एक आर्म फिरतो आणि शू उघडतो. म्हणजे करंटचं काम फक्त चिकटवायचं, जोर फिरत्या चाकाचाच. एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर. गाडीत स्टिअरिंगजवळ एक कंट्रोलर, चांगल्यातला गाडी किती जोरात हळू होतेय ते ओळखून त्या मानानं करंट देतो, स्वस्तातला ठरावीक वेळानं वाढवत नेतो.

त्याच्याकडून सेटिंगची पद्धत ऐकली. ताशी ४० च्या आसपास नेऊन फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावायचा, चाकं जाम व्हायच्या काठावर येईपर्यंत वाढवायचा, मग थोडा कमी करायचा. दर वेळी भार बदलला की परत. मी विचारलं दर वेळी करतोस का, तर म्हणाला, “अरे, मागं पोरं झोपलेली असतात, न करून कसं चालेल.” आमच्या उसाच्या ट्रॉलीला इलेक्ट्रिक नको, कारण आमच्या एका एक्सलवरच पाच टन येतात, ओढ्यातून जाताना हब पाण्यात बुडतो, आणि शेडमधले उंदीर वायर ठेवत नाहीत. पण भार बदलला की ब्रेकचं सेटिंग बदलतं ही गोष्ट लक्षात ठेवली, पुढं ती उपयोगी पडली.

५ जुलै

शिरोळ तालुक्यातल्या मित्राकडं जाऊन आलो, त्यानं ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवरच ट्रॉलीचा ब्रेक केलाय. सीटजवळच्या लिव्हरनं तेल ट्रॉलीच्या सिलिंडरला जातं. खर्च कमी, काम नेटकं, आणि सपाट रानात त्याचं भागतं. बाहेरच्या देशांत ट्रॅक्टरला यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो, पेडल जेवढं दाबाल तेवढाच दाब मागं जातो, जास्तीत जास्त दीडशे बारपर्यंत. याच्या लिव्हरला तसं काही नाही, ओढला की पूर्ण दाब, सोडला की शून्य. मी चालवून बघितला, दोन्ही वेळा ट्रॉलीची चाकं जाम झाली. आणि एकच नळी, ती फुटली की तेल रस्त्यावर आणि ब्रेक गेला. उतारावर जो ब्रेक नळी फुटल्यावर सुटतो तो मला नको. मित्राला हे तोंडावर सांगितलं, त्याला थोडं लागलं पण तो निदान नळी बदलतो म्हणाला.

१२ जुलै

ठरलं, हवेचा ब्रेक.

कारण लिहून ठेवतो म्हणजे पुढं कुणी विचारलं तर वही दाखवता येईल. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं रेल्वेसाठी १८६९ मध्ये हवेचा ब्रेक काढला, त्यात हवा पाठवली की ब्रेक लागायचा. मग डबे तुटले, पाइप फुटला, तर हवाच नाही आणि ब्रेकही नाही. १८७२ मध्ये त्यानं ते उलटं केलं, प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी, पाइपमध्ये हवा आहे तोवर ब्रेक सुटलेला, हवा गेली की डब्यातली टाकी ब्रेक लावते. आज ट्रकच्या ट्रेलरला तीच युक्ती वेगळ्या सामानात आहे. दोन नळ्या असतात. लाल नळीत कायम भरलेली हवा, ती ट्रॉलीची टाकी भरते. पिवळी नळी नुसता निरोप नेते, पेडल किती दाबलं तेवढाच दाब तिच्यातून जातो, आणि ट्रॉलीवरचा रिले व्हॉल्व्ह तो निरोप ऐकून जवळच्या टाकीतली हवा चेंबरला, म्हणजे हवेच्या रेट्यानं चाकाचा ब्रेक लावणाऱ्या डब्याला, सोडतो, म्हणून लांबच्या चाकालाही उशीर होत नाही. लाल नळी तुटली तर व्हॉल्व्ह ब्रेक लावूनच टाकतो.

फक्त एवढ्यावर भागत नाही. लावून ठेवलेली हवा तासा-दोन तासात गळते, मग उतारावर सोडून ठेवलेली ट्रॉली चालायला लागते. म्हणून स्प्रिंगवाले चेंबर घ्यायचे, मिस्त्री ज्याला स्प्रिंग बूस्टर म्हणतात. त्यात जाड स्प्रिंग ब्रेक लावून धरते आणि हवा तिला मागं रेटून ब्रेक सोडते. हवा गळली की ब्रेक आवळतो.

ब्रेक सध्या मागच्या एक्सललाच. ट्रॉली मागून ओढली गेली की ती ताठ राहते, ट्रॅक्टरला आडवं ढकलत नाही. पुढच्या एक्सलचं पुढच्या वर्षी बघू, टर्नटेबलवरून नळ्या नेणं हे वेगळं काम आहे.

२६ जुलै

शिरोलीजवळ भंगारात जुन्या ट्रकांचे एक्सल बघायला मी आणि मिस्त्री. दुपारपर्यंत पाच बघितले. मिस्त्रींची पद्धत अशी की ड्रम दोरीला लटकवायचा आणि हातोडीनं हळू टोला द्यायचा. चांगला ड्रम घंटेसारखा टण्ण वाजतो आणि आवाज रेंगाळतो, तडा असेल तर भद्द आवाज येऊन तिथंच मरतो. पहिले दोन भद्द. तिसऱ्याचा आवाज चांगला, पण आत बोट फिरवल्यावर कडेला नखाला अडकेल एवढी पायरी लागली, म्हणजे शूनं खाऊन खाऊन खड्डा केलेला. चौथ्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे फिरून शू उघडणारा दांडा, बुशमध्ये खुळखुळत होता. पाचवा घेतला, १८,५०० ला, दोन्ही ड्रम, शू, कॅमशाफ्ट, स्लॅक (चेंबरचा दांडा कॅमशाफ्टला जोडणारा, ब्रेक सैल-घट्ट करायचा लिव्हर) सगळं सोबत. आतल्या तोंडावर उष्णतेच्या बारीक केसासारख्या रेघा आहेत, पण कुठलीच कडेपर्यंत जात नाही. ते मी बॅटरी लावून दोनदा बघितलं.

भंगारवाले काका म्हणाले, “उसाच्या ट्रॉलीला कुणी ड्रम मागत न्हाई, सगळी ड्रम काढूनच न्हेत्यात, वजन कमी हुतंय म्हणून.”

९ ऑगस्ट

ड्रम मी आमच्या कंपनीतल्या लेथवर सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून हलका हात मारून घेतला. लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, नवीन, रिव्हेट मधून बाहेर मारत आणले, कारण कडेपासून सुरू केलं तर मध्ये फुगा राहतो. जुने लायनर मध्यावर पाच मिलिमीटर उरले होते, सहाच्या खाली गेले की बदलायचेच असा नियम आहे.

आज एक वाईट गोष्ट होता होता राहिली. जुन्या एक्सलवर एक स्प्रिंग चेंबर होता, आम्ही नवीनच लावणार होतो, पण मिस्त्रींचा नवा पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, तो चेंबर व्हाइसमध्ये धरून त्याच्या मागच्या क्लँपचा नट सोडायला लागला होता. मी कंप्रेसरचा पट्टा शोधत होतो, वळलो तेव्हा दोन सूत नट सैल झालेला. ओरडलोच. आतल्या स्प्रिंगमध्ये जवळजवळ टनाचा जोर कोंडलेला असतो, क्लँप सुटला की झाकण तोफेच्या गोळ्यासारखं जातं, आणि त्याचं तोंड बरोबर त्या झाकणावर होतं. नट परत आवळला, चेंबर तसाच बाजूला ठेवला, मग मिस्त्रींनी मागच्या भोकातून लांब बोल्ट घालून, फिरवून, नट आवळून स्प्रिंग दाबून बंद कशी करायची ते त्याला दाखवलं. हा बोल्ट चेंबरच्या अंगालाच एका खोबणीत ठेवलेला असतो, कशासाठी ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरगं नंतर बराच वेळ पाणी पीत बसलं होतं.

नवीन चेंबर दोन, सर्व्हिसची, म्हणजे पेडलवर चालणारी बाजू २४ नंबरची. २४ म्हणजे आतल्या पडद्याचं क्षेत्र २४ चौरस इंच, साधारण १५५ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब धरला तर एका चेंबरचा रेटा ९३० किलो.

२४ ऑगस्ट

कंप्रेसर छोट्या मालगाडीचा जुना, ६,५०० रुपये. क्रँकच्या पुलीवरून पट्टा, त्यासाठी ब्रॅकेट तीन वेळा बनवावं लागलं कारण पट्टा एका सरळ रेषेत येईना. ऑइलच्या दाबाच्या स्विचजवळ टी टाकून त्याला तेल दिलं, परतीचं तेल इंजिनच्या तेलाच्या चेंबरमध्ये. ट्रॅक्टरला २० लिटरची एक टाकी, ट्रॉलीला तेवढीच दुसरी, दाब आठ किलो झाला की हवा भरणं थांबवणारा गव्हर्नर, त्याच्या वर सेफ्टी व्हॉल्व्ह. दोन्ही रिकाम्या टाक्यांना सहा किलोपर्यंत यायला १५०० आरपीएमला चार मिनिटं लागली. टाक्यांच्या तळाला पाणी काढायचा कॉक मुद्दाम मोठा घेतला, पावसाळ्यात कंप्रेसर हवेबरोबर पाणीही आत कोंबतो आणि ते व्हॉल्व्हमध्ये गेलं की गंज.

७ सप्टेंबर

नळ्या झाल्या. लाल आणि पिवळ्या नळीचे तळहातासारखे कपलिंग वेगळ्या खाचेचे घेतले म्हणजे अंधारात उलटसुलट जोडायची सोय नाही. नळी टर्नटेबल पूर्ण वळवून बघितली, डावीकडं ओढ बसत होती, वीत भर लांब केली.

ट्रॉलीचा व्हॉल्व्ह आधी मी हातानं चालवायचा, स्टिअरिंगजवळ, असा बसवला होता. दोन दिवस रिकामं चालवलं आणि मीच तो काढला. घाबरल्यावर माणसाचा पाय पेडलवर जातो, हात स्टिअरिंग सोडत नाही. पुतण्याला न सांगता समोर पोतं टाकून बघितलं, चार वेळा टाकलं, चारही वेळा त्यानं फक्त पाय मारला. म्हणून आता व्हॉल्व्ह पेडलला जोडला, पण ट्रॅक्टरची दोन पेडलं वेगळी असतात, शेतात वळताना एकच दाबतो, तेव्हा ट्रॉली अडायला नको. त्यामुळं दोन्ही पेडलं जोडणारी जी पट्टी असते तिच्यावर दांडकं घेतलं, पट्टी लावली तरच ट्रॉलीचा ब्रेक चालतो. रस्त्यावर पट्टी लावायची हे तसंही सगळ्यांना माहीत असतं, लावत कुणी नाही, आता लावावीच लागेल. आणि ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या आधी कणभर लागेल एवढं अंतर ठेवलं.

१४ सप्टेंबर

रिकाम्या ट्रॉलीची टेस्ट, आणि डॅलसचं बोलणं आठवलं. पेडल अर्धं दाबलं तर मागची चाकं जाम, रस्त्यावर काळे पट्टे. साहजिक आहे, रिकाम्या ट्रॉलीच्या मागच्या एक्सलवर एक-सव्वा टन आणि जोर पाच टनाचा. बाहेरच्या शेती ट्रेलरना रिकामी, अर्धी, भरलेली अशा खुणांचा हाताचा व्हॉल्व्ह असतो, तोच मिळवून लावला. खुणेचा बाण पुढं ट्रॅक्टरवरून दिसेल अशा बाजूला, पांढऱ्या रंगात.

बंद इंजिनवर पाच वेळा पूर्ण पेडल मारलं, ट्रॉलीची टाकी सातवरून साडेचारच्या थोडी वर राहिली. चेंबरचा दांडा ६ किलोला ३८ मिलिमीटर बाहेर येतो, या मापाला ४५ च्या पुढं जाता कामा नये.

२१ सप्टेंबर

तोच मुरूम, तोच काटा, तोच फाटा, तीच चुन्याची रेघ, ताशी २०. साडेआठ मीटर.

जूनला २१ होते.

टेप आबांनीच धरला. दुसऱ्यांदा केलं, ८.७. तिसऱ्यांदा ८.४. त्यातले अडीच-तीन मीटर तर हवा पोचून शू टेकेपर्यंतच जातात. दादा पहिल्यांदाच परत ट्रॅक्टरवर बसला होता, मी बस म्हणालो नव्हतो. तिसऱ्या वेळी त्यानंच चालवलं.

मग उतारावर तीन फेऱ्या, खाली आल्यावर लगेच टेंपरेचर गननं ड्रम बघितले. डावा ९५, उजवा १६०. म्हणजे उजवा एकटा मरत होता. डाव्या बाजूचा स्लॅक सैल होता. शू टेकेपर्यंत आवळून मग अर्धा आटा मागं, दोन्हीकडं सारखं केलं. संध्याकाळी परत तीन फेऱ्या, डावा १२२, उजवा १२८. नवीन लायनर अजून ड्रमला पूर्ण बसलेले नाहीत, पन्नासेक ब्रेक झाले की परत आवळायचं.

२८ सप्टेंबर

सुटण्याची टेस्ट. सात टक्क्याच्या तुकड्यावर ट्रॉली भरलेली, चाकापुढं दोन हात सोडून लाकडी उटी, कुणी पुढं उभं नाही. ट्रॅक्टर उभा, पिन जाग्यावर, आणि मी लाल नळी हातानं सोडली. फस्स करून आवाज, लगेच खालून कट्ट असा शू टेकल्याचा आवाज, बस. ट्रॅक्टरचा ब्रेक सोडला. गाडी हलली नाही. साडेबारा टन त्या उतारावर दोन स्प्रिंगांवर उभे होते. एक तास तसेच ठेवले, खडूची खूण चाकावर आणि रस्त्यावर, रेघ जागची हलली नाही.

ताशी १० ला चालत्या उतारावर थांबायला साडेतीन मीटर.

आजच भाऊबंदांपैकी एकजण आले आणि म्हणाले, ट्रॉली दोन दिवस द्या, माती ओढायचीय. त्यांच्या ट्रॅक्टरला हवा नाही, म्हणजे ही ट्रॉली जागची हलणारच नाही, स्प्रिंग धरून बसणार. हंगामात ट्रॉल्या एकमेकांना दिल्याशिवाय चालत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. बोल्ट घालून स्प्रिंग बंद करता येते, पण मग ती परत बिनब्रेकची. आबा म्हणाले, “न्हाई म्हणायचं कसं, त्यांनी आपला बोअर काढाय मदत केल्या.” शेवटी असं ठरलं की ट्रॉली द्यायची तर आमच्या ट्रॅक्टरसकट आणि दादा चालवणार. बोल्ट कुलपाच्या पेटीत, किल्ली आबांकडं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. ट्रॅक्टर, ट्रॉली, लेथची हत्यारं, सगळ्यांना हळदकुंकू. आईनं लाल नळीच्या कपलिंगला झेंडूचा हार घातला, तो तेवढा काढून दांडीला बांधला कारण पाकळी आत गेली तर व्हॉल्व्ह चोंदेल. खर्च सगळा मिळून ५४,२०० रुपये, मजुरीसकट, माझा लेथचा वेळ सोडून. मनगटाच्या ऑपरेशनला आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला जानेवारीत याहून जास्त गेले होते.

९ नोव्हेंबर

पहिली खेप गेली. पावणेआठ टन. टोळीतल्या मुकादमांनी दुसरी ट्रॉली मागं जोडा म्हणून बराच आग्रह केला, बाकीचे सगळे डबल ओढतात आणि आम्ही एकच नेली तर त्यांच्या मजुरीचा खोळंबा होतो हे खरंय, त्यांची बाजू मला कळते. पण दुसऱ्या ट्रॉलीला अजून ब्रेक नाही, आणि मागची बिनब्रेकची ट्रॉली पुढच्या ब्रेकवाल्या ट्रॉलीला तसंच ढकलणार जसं जानेवारीत ट्रॅक्टरला ढकललं. जोड असली तर मागचीचा ब्रेक आधी लागायला हवा म्हणजे दोन्ही ताणून राहतात. त्यांना फरक म्हणून खेपेमागं थोडे पैसे वाढवून दिले, मग ते बोलायचे थांबले.

रात्री पावणेनऊला खिंडीवर दादा थांबला. खाली उतरून दोन्ही टाक्यांचा कॉक उघडून पाणी काढलं, ट्रॉलीच्या टाकीतून चमचाभर निघालं. मग बाण भरलेलीवर आहे का बघितलं, पेडलची पट्टी लावली, दुसऱ्या गिअरात घातला आणि खाली गेला. मी मागून मोटारसायकलवर होतो, चिंचेच्या झाडाजवळ त्यानं ब्रेक लावून गाडी पूर्ण उभी केली, तसं काही कारण नव्हतं. पाच-दहा सेकंद थांबला, मग पुढं निघाला.

ड्रम यार्डात बघितले, डावा ८८, उजवा ९१. शनिवारी दुसऱ्या ट्रॉलीसाठी एक्सल बघायला शिरोलीला जायचंय, मिस्त्री येतो म्हणालेत, तो पोरगाही येणार आहे.